कपाटातल्या सवती

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा कपाटात तीन सवती आधीच नांदत होत्या. एक मामंजींची दुनळी बंदूक, दोन ह्यांनी हौसेने मिळविलेल्या. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच बंद झाली होती. तरी दर रविवारी त्यांचे तेलपाणी चुकत नसे. मुले लहान असता कपाटाला कुलूप आहे ना, हे पाहण्यास मी रात्री दोनदा उठे. निवडणुकीपूर्वी बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या, की मला माहेरी आल्यासारखे वाटे!

२०१९ साली कायदा बदलला. माणशी तीनऐवजी दोनच बंदुका बाळगण्याची मुभा उरली. ह्यांनी विचारले, "कोणती देऊ?" इतक्या वर्षांत या बाबतीत माझे मत प्रथमच विचारले जात होते. "तिन्ही," हे उत्तर ओठांवर आले होते, पण दुनळीवरून फिरणारा ह्यांचा हात दिसला, आणि मी म्हटले, "मामंजींची तेवढी राहू द्या."

ह्यांनी स्वतःच्या दोन्ही जमा केल्या. माझे भय गेले, असे मुळीच नाही. मात्र आता मी रात्री एकदाच उठते.