परिपाठातला केदार

मी शाळेत संगीत शिकवते. सकाळच्या परिपाठाला पेटीवर मीच असते. आपल्या शाळांमध्ये दोन हिंदी प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जात आहेत. एक ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातली, १९५७ची. दुसरी ‘गुड्डी’तली, १९७१ची. दोन्हींना चाल वसंत देसाईंची. रोज गाणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नसतं, याची मला फार हळहळ वाटते.

‘गुड्डी’तली प्रार्थना केदारावर बांधलेली आहे. केदार काही सरळ चालीचा राग नव्हे. वर जाताना रिषभ-गंधार सोडून षड्जावरून थेट मध्यमावर झेप घ्यायची, पुढे दोन्ही मध्यम सांभाळायचे. गाणं शिकणारी मुलंसुद्धा तिथे अडखळतात. आणि परिपाठात? मागच्या रांगेतली, एरवी गाण्याच्या वाटेलाही न जाणारी मुलं तीच झेप बिनधास्त घेतात. मी कधीकधी मुद्दाम पेटीवरचा हात उचलते. तरी शे-दीडशे गळे नेमके मध्यमावर जाऊन उभे राहतात. त्या क्षणी देसाईंना मनोमन नमस्कार होतोच. न शिकलेल्या गळ्याला किती झेपेल हे ओळखायचं आणि तेवढ्यात अख्ख्या रागाचा रंग उतरवायचा, हे काम मला तानांच्या आतषबाजीपेक्षा मोठं वाटतं.

अवघड त्यांना वर्ज्य होतं असं मुळीच नाही. ‘झनक झनक पायल बाजे’साठी त्यांनी अमीर खाँसाहेबांकडून अडाणा गाऊन घेतला. ‘गूँज उठी शहनाई’त साक्षात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आहे. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकाच्या द्वंद्वगीतात त्यांनी कुमार गंधर्वांसोबत वाणी जयराम यांना उभं केलं. पुढे ‘गुड्डी’त त्याच वाणीबाईंकडे मियाँमल्हारातलं गाणं दिलं आणि ही प्रार्थनाही. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मी नववीच्या वर्गाला ऐकवते. मल्हाराला मुलं थक्क होऊन बसतात, प्रार्थना लागली की गायला लागतात.

‘दो आँखें’तल्या प्रार्थनेचं मोल मला उशिरा उमगलं. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें’ची कथा लिहिली. लताबाईंचा आवाज असूनही ती चाल सहा कैद्यांच्या तोंडी शोभते. भैरवीतलं आर्जव आहे, पण रडवेपणा नाही. म्हणूनच ती दहा वर्षांच्या मुलालाही चालते.

आता केदार शिकवताना मी आरोह-अवरोहापासून सुरुवात करत नाही. आधी प्रार्थना म्हणायला लावते, मग त्याच ओळीचे स्वर काढून घेते. यंदा सातवीतली एक मुलगी मध्येच थांबून म्हणाली, “बाई, हा राग तर आम्हाला पहिलीपासून येतोय!” मी फळ्यावर रागाच्या नावाखाली वसंत देसाई असं लिहिलं आणि वह्यांत उतरवून घ्यायला सांगितलं.