आधी व्यवहारसमता

दिल्लीच्या उत्तरेकडच्या टेकडीवर, हिंदूराव रुग्णालयाजवळ, अशोकाचा एक दगडी स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकानं तो मेरठहून आणवला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ साली ते सांधून तो पुन्हा उभा केला गेला. सांधे आजही स्पष्ट दिसतात. रुग्णालयात आलेले नातेवाईक त्याच्या आसपास डबा उघडून बसतात.

मी गेली सव्वीस वर्षं तीस हजारी न्यायालयात फौजदारी वकिली करते. बराचसा काळ विधी साहाय्याच्या, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांच्या कामात गेला. अशिलाच्या जखमांची नोंद शोधायला रुग्णालयांत जावं लागतं, तशी मी या टेकडीवरही अनेकदा गेले आहे. हा स्तंभ ज्या लेखमालेतला, तिच्या चौथ्या लेखात अशोकानं आपल्या राजुक नावाच्या अधिकाऱ्यांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत: व्यवहारात समता असावी आणि दंडात समता असावी. देहान्ताची शिक्षा झालेल्यांना त्यानं तीन दिवसांची मुदतही दिली. इथला 'व्यवहार' देण्याघेण्याचा नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत 'व्यवहाराध्याय' आहे, त्यातला हा व्यवहार. म्हणजे फिर्याद, चौकशी, साक्षीपुरावा आणि निवाडा यांची सगळी रीत. अशोकानं आधी व्यवहारसमता म्हटलं, मग दंडसमता. माझ्या धंद्यानं मला जे शिकवलं ते सगळं या क्रमात आहे.

पोलिसांवर आणि न्यायालयांवर लोक चिडलेले आहेत. ती चीड मला रोज भेटते, आणि ती रास्त आहे. फक्त ती नेहमी शिक्षेच्या आकड्याकडे धावते: इतकीच वर्षं का, फाशी का नाही, अमक्याला जामीन कसा मिळाला. दंड डोळ्यांना दिसतो. व्यवहार मात्र ठाण्यातल्या वहीत, पहिल्या चोवीस तासांत, कुणी बघत नसताना घडतो किंवा बिघडतो.

या टेकडीलाच एका जुन्या खटल्याची आठवण आहे. हिंदूराव हे नाव मराठी. कागलच्या सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटग्यांचा मुलगा आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ, तो हा हिंदूराव. टेकडीवरचा मोठा बंगला त्यानं घेतला आणि वस्तीला, ठाण्याला, रुग्णालयाला त्याचं नाव चिकटलं. त्याच्याआधी तिथे राहत होता विल्यम फ्रेझर, दिल्लीतला कंपनी सरकारचा सर्वांत मोठा अधिकारी. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी घोड्यावरून घरी परतताना त्याला गोळी घालून मारलं गेलं. संशय फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन अहमद खान याच्यावर गेला. वडिलांच्या जहागिरीतला लोहारूचा वाटा सावत्र भावांना मिळावा या बाजूनं फ्रेझर उभा राहिला होता, हे त्या वैराचं मूळ. नवाबाचा चाकर करीम खान पकडला गेला. त्याचा साथीदार अनिया माफीचा साक्षीदार झाला. विहिरीतून हत्यार निघालं. 'कुत्रे खरेदी करा' अशा सांकेतिक भाषेतली पत्रं सापडली. खास नेमलेल्या न्यायाधीशापुढे खटला चालला, आधी करीम खान आणि ऑक्टोबरात नवाब फासावर गेला. नवाबाला काश्मिरी दरवाज्याबाहेर सगळ्या शहरादेखत फाशी दिलं.

आजच्या वकिलाच्या नजरेनंही तो पुरावा किरकोळ नव्हता. तरी दिल्लीनं निकाल मानला नाही. फासावर लटकलेलं प्रेत पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला, वळलं म्हणून लोकांनी नवाबाला हुतात्मा ठरवलं. मिर्झा गालिबनं चुगली केली अशीही कुजबुज शहरात उठली. हे अंधश्रद्धेचं किंवा धर्माचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. मेलेला माणूस कंपनीचा, तपास करणारे त्याचे सहकारी, न्यायाधीश कंपनीचा आणि शिक्षा अमलात आणणारी फौजही कंपनीची. एका साहेबासाठी जेवढी यंत्रणा धावली, तेवढी दिल्लीच्या गल्लीतल्या कुणासाठीही धावली नसती, हे शहराला ठाऊक होतं. निकाल खरा असेलही. व्यवहार सम नव्हता, म्हणून दंडावर कुणाचा विश्वास बसला नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. वीसहून अधिक माणसं. आज आपण याला कोठडीतला मृत्यू म्हणतो आणि त्याची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी लागते. तेव्हा संतापलेला जमाव जमला आणि अखेर कोतवाल त्या जमावाच्या हाती गेला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. तेंडुलकरांच्या नाटकामुळे ही गोष्ट घरोघरी पोचली आहे. मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. सातच वर्षांनी, १७९८ मध्ये, याच हिंदूरावाच्या वडिलांनी, सर्जेराव घाटग्यांनी, दौलतराव शिंद्यांसाठी पैसा उभा करताना पुण्यातल्या सधन माणसांचा असा छळ केला की शहर हादरलं. कोतवालाला ठेचल्यानं सत्तेचा हात बांधला गेला नव्हता. माणूस गेला, रीत राहिली.

आता आजच्या ठाण्यात येऊ. दिल्ली पोलिसांची कागदपत्रं अजून उर्दू शब्दांवर चालतात. महाराष्ट्रात जी स्टेशन डायरी ती इथे रोजनामचा. गुन्हा नोंदवण्यासाठी घटनास्थळावरून ठाण्यात पाठवायचा कागद म्हणजे रुक्का. जप्तीचा कागद म्हणजे फर्द. गुप्त बातमीदार म्हणजे मुखबिर आणि माल सापडला ती बरामदगी. या फर्दीमध्ये एक वाक्य मी हजारदा तरी वाचलं असेल: येणाऱ्याजाणाऱ्यांना साक्षीदार होण्याची विनंती केली, पण ते नाव-पत्ता न सांगता निघून गेले. सदर बाजारसारख्या, पाय ठेवायला जागा नसलेल्या ठिकाणीही एक माणूस मिळत नाही. कधी ते खरंही असतं. साक्षीला आलेल्याला पाच वर्षं तारखांना खेपा घालाव्या लागतात, मग कोण थांबेल? पण आरोपीच्या आईला ते वाक्य वाचून दाखवलं की तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याला मी 'गैरसमज' म्हणू शकत नाही.

नियम नाहीत असं मुळीच नाही. अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात बारीक लिहून दिलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपा, हे डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, हे तर २००६ च्या प्रकाश सिंह निकालातच आहे. आजही कित्येक ठाण्यांत रात्री बंदोबस्त करून आलेला फौजदारच सकाळी खुनाची केस डायरी लिहितो. हे मी त्याच्या बाजूनंही सांगते आहे.

या रीतीचा भार कुणावर पडतो, ते आकड्यांत दिसतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. खटल्याआधीच ही माणसं शिक्षा भोगत असतात. ज्याच्याकडे जामीनदार आहे, तो घरून तारखेला येतो. ज्याच्याकडे नाही, तो त्याच गुन्ह्यासाठी आतून येतो. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला सोडावं, अशी तरतूद नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमात आहे. मात्र त्याला काही अपवाद आहेत आणि अर्जाचा कागद तुरुंगातून हलावा लागतो.

आणि दंडसमता? आपल्या कायद्यात बहुतेक शिक्षा 'पर्यंत' या शब्दावर उभ्या आहेत. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. या 'पर्यंत'मध्ये दंड भरून सुटणारा मावतो आणि तीन वर्षं आत काढणाराही मावतो. कोणत्या गुन्ह्याला, कोणत्या परिस्थितीत, साधारण किती शिक्षा असावी याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवा, असं मलिमठ समितीनं २००३ मध्ये सुचवलं. ती अजून नाहीत. इंग्लंडमध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. आपल्याकडे दोष ठरल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं वेगळं ऐकायचं असतं. प्रत्यक्षात ते अनेकदा त्याच दुपारी, दोन वाक्यांत उरकतं: घरी म्हातारी आई आहे, दया करावी. दोन शेजारच्या न्यायालयांतून सारख्याच गुन्ह्याची वेगवेगळी शिक्षा घेऊन दोन माणसं एकाच गाडीतून तुरुंगात जातात, तेव्हा ती वाटेत एकमेकांना विचारतात, तुला किती? त्या प्रश्नाचं उत्तर कायद्याजवळ असायला हवं.

पण जमावाला या उत्तराची वाट पाहायची नसते, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या, रस्त्यावर उतरणाऱ्या माणसांशी बोलायचं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर दिल्ली पेटली तेव्हा मीही इंडिया गेटला गेले होते. घोषणा फाशीच्या होत्या. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं एका महिन्याच्या आत अहवाल दिला. त्यात बलात्काराला फाशी सुचवलेली नव्हती. पोलिस सुधारणांवर मात्र सविस्तर लिहिलं होतं. फाशी कायद्यात आली, सुधारणा कागदावर राहिल्या. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या आरोपातले चौघे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनंच झाडल्या गेल्या होत्या. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असंही सुचवलं.

फुलं उधळणाऱ्यांनी महाराष्ट्रातलं एक प्रकरण वाचावं. २००३ मधल्या, एका कुटुंबावरच्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं गेलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांनाच फाशी दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्याला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीनं पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपास झालाच नाही. सोळा वर्षं सहा माणसं आत राहिली आणि त्या कुटुंबाचे खरे मारेकरी बाहेर राहिले. व्यवहार मोडला की दोन्हीकडची माणसं मरतात: ज्याला चुकीचा दंड झाला तो, आणि ज्याच्यासाठी दंड करायचा होता तोही. त्या वेळी चकमक झाली असती, तर फुलं कुणावर पडली असती?

शेवटी माझ्या एका अशिलाबद्दल. ओळख पटू नये एवढे तपशील मी गाळले आहेत. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, टंच काढायचा, लगड करून द्यायची. दिल्लीतही त्यांच्या भट्ट्या आहेत. चोरीचं सोनं गलाईवाल्याकडे आलं असा वहीम धरून पोलिस दारात येणं, ही या धंद्याची कायमची धास्ती. हा बावीस वर्षांचा मुलगा. साध्या कपड्यातल्या तिघांनी त्याला मंगळवारी संध्याकाळी भट्टीवरून नेलं. कागदावर अटक गुरुवारी सकाळी अकराची, बसथांब्याजवळ, मुखबिराच्या बातमीवरून. येणारेजाणारे नाव-पत्ता न सांगता निघून गेले होते.

शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मंगळवारची संध्याकाळ सापडली. ती पुसली जायच्या आत जपून ठेवण्याचा अर्ज मी केला. जामिनाच्या सुनावणीआधी लॉकअपच्या जाळीपलीकडे तो उभा होता. मी त्याला सांगत होते की त्या पोलिसांविरुद्ध तक्रार करता येईल, भरपाई मागता येईल. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, मला कुणाला शिक्षा करायची न्हाय. मला कवा नेलं ती येळ तेवढी खरी लिवायला सांगा."

दंडाधिकारी महोदयांनी चित्रण पाहिलं. जामिनाच्या आदेशात त्यांनी अटकेच्या नोंदीपुढे मंगळवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं, असं लिहिलं. खटला पुढे तीन वर्षं चालला आणि मुलगा सुटला. निकालाची प्रत घ्यायला आला तेव्हा त्यानं ती घडी करून खिशात घातली आणि आधीच्या आदेशाची आणखी एक प्रत मागितली, ती वेळ लिहिलेली.