गळ्यातील रुमाल

ज्येष्ठ वद्यात पैठणहून संत एकनाथ महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते. ही वाट शेवगाव तालुक्यातून जाते. त्या वाटेवर एखाद्या वृद्ध वारकऱ्याचा पाय मुरगळला, तर भोवती माणसे जमतात. हळहळतात सारेच, परंतु नुसत्या हळहळीने पायाला आधार मिळत नाही. अशा वेळी गर्दीत एखादा बालवीर असला, तर तो गळ्यातील रुमाल सोडतो, त्याची पट्टी करतो आणि सुजू लागलेला घोटा नीट बांधतो. त्याने मारलेली गाठ सपाट बसते, कातडीला रुतत नाही आणि सोडू म्हटले की सहज सुटते. ती त्याला त्या क्षणी सुचलेली नसते. शाळेच्या पटांगणावर, कोणालाही इजा झालेली नसताना, त्याने ती कितीतरी वेळा बांधलेली असते.

बालवीर-चळवळीचे मर्म ह्या तयारीत आहे. 1907 साली बेडन-पॉवेल ह्यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर पहिली छावणी भरविली. तीत सधन घरांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. तंबू ठोकणे, चूल पेटविणे, जखमींची शुश्रूषा करणे, हे सारे त्यांनी एकत्र राहून शिकावे, अशी त्यांची योजना होती.

1909 मध्ये ही चळवळ आपल्या देशात आली. परंतु आरंभी तिचे दार भारतीय मुलांना बंद होते. परक्या सरकारला त्यांच्या संघटनेचे भय वाटे. तथापि सेवेची इच्छा परवानगीसाठी थांबत नाही. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी अशा थोरांनी भारतीय मुलांची स्वतंत्र पथके उभारली. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, निरनिराळ्या संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था जन्मास आली. पुढील वर्षी मुलींची संघटनाही तिला येऊन मिळाली. ज्या रुमालासाठी एके काळी झगडावे लागले, तो आज कोणत्याही गावच्या मुलामुलींना गळ्यात बांधता येतो.

मात्र रुमाल बांधल्याने कोणी बालवीर होत नाही. रोज एक तरी सत्कृत्य, तेही मोबदल्याची अपेक्षा न धरता करावे, असा त्याचा नेम असतो. आजीची घागर उचलणे, चुकलेल्या वाटसरूस रस्ता दाखविणे, अशा लहानसहान कामांनीच मोठ्या प्रसंगासाठी मन घडते.

इकडे वारकऱ्यास गाडीत बसवून दिलेले असते. मुलाचे नाव विचारायचे राहूनच जाते. दिंडी पुढे सरकते आणि रिकाम्या गळ्याचा तो मुलगा पाण्याची घागर उचलून पुन्हा रांगेकडे वळतो.