हिरड्यांवर थोडा मध

अमेरिकेत फेरेट पाळणाऱ्यांची पहिली घाबरगुंडी बहुधा फुकटच जाते. हे लांबुडकं जनावर इतकं गाढ झोपतं की उचललं तरी मान लोंबकळत राहते. थोड्या वेळानं जांभई देऊन ते मोकळं होतं.

खरी धास्ती वेगळी. तीन-चार वर्षांचं फेरेट एकटक शून्यात बघू लागतं, लाळ गाळतं, पंजांनी तोंड खरवडतं, मागचे पाय ओढत चालतं. पुष्कळदा कारण असतं स्वादुपिंडातली गाठ. इन्सुलिन जास्त पाझरतं, रक्तातली साखर डेसिलिटरमागे 60 मिलिग्रॅमच्याही खाली उतरते आणि झटका येतो. अशा वेळी जाणता पालक त्याच्या दातांत बोट घालत नाही. इअरबडनं थोडा मध हिरड्यांना चोळतो, ते शुद्धीवर आलं की मांसाचं खाणं देतो आणि डॉक्टर गाठतो. नुसतं गोड देत राहणं मात्र अंगाशी येतं, कारण साखर चढली की गाठ आणखी इन्सुलिन सोडते.

श्वासाच्या बाबतीत तर वाट बघायचीच नाही. उघड्या तोंडानं धापा, निळसर हिरड्या दिसल्या की सरळ दवाखाना!

माणसाचा फ्लू फेरेटनाही लागतो, हे 1933मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे एक आजारी फेरेट त्यांच्यातल्याच एकाच्या तोंडावर शिंकलं आणि तोही अंथरुणाला खिळला. त्यामुळे घरात ज्याला सर्दी-ताप असेल, त्यानं पिंजऱ्याचं काम दुसऱ्यावर सोपवलेलं बरं.