धणे, देवळाली आणि बेल्जियमची बिअर

नाशिककराने बिअरवर लिहावं म्हणजे कोल्हापूरकराने ढोकळ्यावर लिहिण्यासारखं आहे, हे मान्य. आमच्याकडे पाहुणा आला की आधी काळाराम, मग रामकुंड, आणि घरातल्या मोठ्यांची पाठ वळली की हळूच विचारणा, "गंगापूर धरणाकडे जायचं का रे?" म्हणजे वाइनरीत. द्राक्षांच्या गावात राहून माणूस जवाच्या नादी का लागतो, असं मला मित्रही विचारतात. गेली काही वर्षं मी लागलोय खरा. पिण्याच्या नादी कमी आणि चाखून ताडून बघण्याच्या नादी जास्त. (हे वाक्य आमच्या घरी कुणालाही पटलेलं नाही. असो.)

गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या या नव्या बिअरचा एक धागा थेट आमच्या उशाशी, देवळालीला येऊन पोचतो. इंग्रजांच्या काळात देवळालीला लष्कराची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन विलायतेच्या बोटीची वाट बघत बसायचे. बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. हंगाम संपता संपता जो येऊन पडला, त्याला पुढच्या हंगामापर्यंत इथेच कुजायचं. काम नाही, ऊन भरपूर, वर हिवताप. पोरं भ्रमिष्टासारखी वागायला लागायची. त्यांच्या बोलीत याला नाव पडलं 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! पुढे ताप गळून पडला आणि 'डूलाली' एवढाच शब्द वेडसर या अर्थाने इंग्रजीत राहिला. २००९ साली पुण्यात हेच नाव घेऊन एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली. म्हणजे आमच्या गावाचं नाव विलायतेला गेलं, वेडं झालं आणि पुण्यात येऊन बिअर विकायला लागलं.

तोवर आमच्या पिढीची बिअर म्हणजे दोनच जाती. माइल्ड आणि स्ट्राँग. गुण दोनच बघायचे, थंड आहे का आणि 'लागते' का. चवीबद्दल कुणी बोलत नसे, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. ही सगळी लागर बिअर. थंडाव्यात आंबवलेली, स्वच्छ, आणि बर्फासारखी गार करून घशाखाली ढकलण्याजोगी. पुण्यात पहिल्यांदा मी जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर प्यायलो तेव्हा तिला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. वाटलं, इसेन्स घातलाय. पण त्यात ना केळं ना लवंग. तो वास यीस्टचा! त्या एका घोटाने मला कळलं की बिअर बनवणारा माणूस खरं म्हणजे फक्त जवाचं गोड पाणी तयार करतो, त्याची बिअर करतं ते यीस्ट.

आणि यीस्टचं नाव काढलं की गाडी बेल्जियमला जाणारच.

माझा एक मित्र कामानिमित्त ब्रसेल्सला असायचा. एका सुट्टीत त्याने येताना सहा बाटल्या आणल्या. कस्टमवाले माणशी दोन लिटर सोडतात, आणि ३३० मिलिच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. हिशोबात तो पहिल्यापासूनच पक्का. होगार्डन, दुव्हेल, वेस्टमालं ट्रिपल, शिमेची निळी, ओर्वाल आणि सेझाँ द्युपाँ. (ही नावं तिथले लोक आणखी वेगळी उच्चारतात. होगार्डनचा तर 'हूखार्डन' होतो.) आम्ही चौघं, सहा बाटल्या, एक वही. ठरवलं की दोन संध्याकाळी, रोज तीनच उघडायच्या, प्रत्येकाला अर्ध्या कपाएवढी. आणि जे वाटेल ते वहीत मराठीत लिहायचं.

हा मराठीचा हट्ट माझा. पण त्याने मजा आली. पाश्चात्त्य जाणकार ओर्वालच्या वासाला घोड्याच्या पाठीवरची घोंगडी म्हणतात. आम्ही घोंगडी कधी हुंगलेली नाही. पण एक मित्र दिंडोरीकडचा, तो पहिल्या श्वासालाच म्हणाला, "गोठा. पण झाडलेला, वाळलं गवत टाकलेला." बरोबर तेच! शिमेच्या निळीपुढे आम्ही लिहिलं खारीक, मनुका, काकवी. दुव्हेलपुढे पेर आणि मिरी. ट्रिपलपुढे बराच वेळ कुणाला काही सुचलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "मधात लिंबाचं साल." लिहिलं.

यातल्या शिमे, ओर्वाल आणि वेस्टमालं या मठांतल्या बिअर. ट्रॅपिस्ट साधू त्या आपल्या मठाच्या आवारात करतात किंवा आपल्या देखरेखीखाली करून घेतात, आणि मिळकत मठाचा खर्च भागवून दानधर्माला जाते. बेल्जियममध्ये हा शिक्का आज पाच मठांकडे आहे. उरलेले दोन रॉशफोर आणि वेस्टव्लेटरेन. साधू आणि दारू हे आपल्या डोक्यात एकत्र बसत नाही. पण तिथे बिअर हे जेवणाच्या ताटाशेजारचं पेय आहे. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात बिअर करणाऱ्यांइतकेच ती चाखणारे, वाढणारे आणि तिच्यासोबत जेवणारेही येतात.

दुसऱ्या संध्याकाळी आई आली. मुद्दाम नाही, पाण्याची बाटली न्यायला. आणि टेबलाशी थांबली.

इथे थोडं मागे जायला हवं. माझा मामा दारूने गेला. चव्वेचाळीसाव्या वर्षी. त्याच्या दारूला ना नाव होतं ना चव. ती मोरीतल्या बादलीमागे, कपाटात गाद्यांखाली, सायकलच्या पिशवीत असायची. आईने भावाच्या त्या बाटल्या शोधून शोधून ओतल्या आहेत. त्यामुळे तिच्या लेखी वाइन, बिअर, देशी, विलायती हे सगळं एकच. दारू म्हणजे दारू. तिच्यापुढे मी 'क्राफ्ट' वगैरे शब्द वापरायचं धाडस करत नाही.

तर ती थांबली आणि म्हणाली, "एवढं लिहून काय घेता रे?" मी काही न बोलता होगार्डनचा ग्लास पुढे केला. म्हटलं, "पिऊ नकोस. नुसता वास घे." तिने नाक मुरडलं. पण काळा मसाला घरी करणारी बाई ती, नाकापुढे आलेला वास सोडणार थोडीच! एकदा घेतला, परत घेतला.

"अरे, यात धणे आहेत!"

आम्ही चौघंही गप्प. कारण आमच्या वहीत 'लिंबू, गहू, फुलांसारखं काहीतरी' एवढंच होतं. ते 'काहीतरी' म्हणजे धणे. होगार्डनच्या पद्धतीच्या बिअरमध्ये गहू, जव, संत्र्याची वाळवलेली साल आणि धणेच असतात. मग ती म्हणाली, "भाजलेले नाहीत पण, कच्चे भरडून टाकलेत," आणि बाटली घेऊन निघाली. दारात थबकून एवढंच बोलली, "जे काय करायचं ते असं टेबलावर करा. लपवून काही नको."

त्या धण्यांची गोष्ट सांगायलाच हवी. होगार्डन हे बेल्जियममधलं लहानसं गाव. गव्हाच्या पांढरट बिअरसाठी जुनं प्रसिद्ध. पण १९५० च्या दशकात तिथली अशी शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि बिअर संपली. तिच्या शेजारी राहणारा, तरुणपणी तिथे हाताखाली काम केलेला पिएर सेलिस नावाचा एक दूधवाला होता. त्याने १९६६ साली ती पुन्हा करायला घेतली. पुढे १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला, आणि पैशामागोमाग कंपनीची मतंही आली. सेलिस सगळं विकून अमेरिकेत टेक्ससला गेला आणि तिथे पुन्हा तीच बिअर करायला लागला. इकडे २००५ मध्ये मालक कंपनीने होगार्डनमधला कारखाना हलवून दुसऱ्या गावी न्यायचं जाहीर केलं. गावकरी खवळले, आणि २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. जगातल्या सगळ्या 'बेल्जियन विट' या एका दूधवाल्याच्या वंशातल्या. आपल्याकडे २०१५ मध्ये आलेली बिरा सुरुवातीला बेल्जियममध्येच बनून येत होती, हेही यातलंच.

आता तुलना. त्याच्या आदल्या शनिवारी मी पुण्यात तिथली ताजी विट बिअर प्यायलो होतो, तिची नोंद वहीत होती. खरं सांगायचं तर ताजेपणात पुणं जिंकलं. संत्रं आत्ता सोललंय असा वास, तोंडात गव्हाचा मऊपणा. प्रवास करून आलेल्या बाटलीतली विट त्यापुढे थोडी दमलेली वाटली. पण शिमे आणि ओर्वालच्या बाजूला ठेवायला माझ्याकडे इथलं काहीच नव्हतं. बाटलीच्या तळाशी त्यांचं यीस्ट जिवंत असतं, ते महिनोन्‌महिने काम करत राहतं. आपली क्राफ्ट बिअर टाकीतून नळाला आणि नळातून ग्लासात, काही आठवड्यांचा खेळ. ताज्या बिअरचं आपल्याला जमलंय. थांबायचं अजून जमायचंय.

आणि दुसरी गोष्ट, ती मला जास्त टोचते. 'बेल्जियन पद्धतीची' म्हणताना आपण तिथली कृती आणली, तिथली सवय आणली नाही. तिथली सवय म्हणजे आपल्या जागेला काम करू देणं. ब्रसेल्सच्या काँतियों ब्रुअरीत जवा-गव्हाचं उकळलेलं पाणी माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडं ठेवतात. हवेतलं रानटी यीस्ट त्यात पडतं, आणि तेच आंबवतं. हे फक्त थंडीच्या महिन्यांत करतात. म्हणजे त्या शहराची हवाच कृतीत लिहिलेली आहे.

हे आपल्याला जमणार नाही, असं नाशिककराने तरी म्हणू नये. वाइनची द्राक्षं आमच्याकडे परदेशातून आली. तिकडे ती ऑगस्ट ते ऑक्टोबरात तोडतात. आमच्या शेतकऱ्याने वेलीला इथलं वर्ष शिकवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि बघता बघता गावाची ओळख बदलली. रोप परकं होतं, वेळापत्रक आपलं केलं. बिअरचं हे व्हायचंय. सहा बाटल्यांतली सेझाँ ही बेल्जियमच्या शेतमजुरांची बिअर, आणि द्युपाँचं यीस्ट तीस अंशांच्या आसपासच्या उकाड्यात खुशीने काम करतं. आमच्या मार्च-एप्रिलला याहून लायक यीस्ट कोणतं? काँतियोंवाले बिअरमध्ये द्राक्षंसुद्धा घालतात. ब्रसेल्सवाल्यांना द्राक्षं बाहेरून आणावी लागतात; आम्हाला पिंपळगावच्या रस्त्याला लागलं की पुरे.

हे सगळं लिहिताना मामा डोळ्यापुढून जात नाही. चव कळली म्हणजे दारूची दारू राहत नाही, असं मी स्वतःला कधी समजावत नाही. ३३० मिलिच्या त्या ट्रिपलमध्ये साडेनऊ टक्के अल्कोहोल, म्हणजे आपल्या माइल्डच्या मोठ्या ६५० मिलिच्या बाटलीत असतं जवळजवळ तितकंच. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये सरळच सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. साधूंनी केली म्हणून यकृत सूट देत नाही.

पण मामाच्या दारूत आणि आमच्या त्या दोन संध्याकाळींत फरक होता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला आजही परवाना लागतो, आणि घराघरांत तर त्याहून कडक कायदा आहे, बोलायचंच नाही. मग माणसं अंधारात, घाईने, चव न घेता पितात. ज्याला नाव नाही त्याला मापही राहत नाही. मामाला कुणी विचारलंच नाही की तुला यात काय आवडतं. विचारलं असतं तर कदाचित त्यालाच कळलं असतं की काहीच नाही.

आमच्या वहीत सहा बिअरच्या सहा ओळी आहेत. त्यातली धण्यांची ओळ आईची आहे आणि ती सर्वांत अचूक आहे.