पस्तीस कुठून आले?

विद्यार्थ्यांविषयीच्या वर्णनात्मक नोंदींचे तयार संच आता मोबाइलवर फिरतात. ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’, ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करते’, ‘गणिती क्रियांत सुधारणा आवश्यक’. वाक्य निवडा, नावापुढे उतरवा, नोंदवही भरली. डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षक होऊ पाहणारी मुलं आंतरवासितेला शाळेत गेली की ही विद्या चटकन उचलतात. ती विसरायला लावणं हे त्यांची शिक्षिका म्हणून माझं बरंचसं काम.

या नोंदींचं मूळ असं : शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकत असतानाच्या मूल्यमापनाचा भारांश ७० टक्के, संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा ३०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिकची साधनं म्हणून दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय वगैरे. रचना शहाणपणाची होती, असं माझं आजही मत आहे. पण आकारिकलाही गुण द्यायचे म्हटल्यावर कित्येक शाळांत त्याच्याच छोट्या-छोट्या परीक्षा झाल्या. मूल शिकत असताना बघायचं, ते राहूनच गेलं.

हे बघणं शिकवायला मी वजाबाकीपासून सुरुवात करते. तिसरीतल्या दोन मुलांच्या वह्यांची एकेक पानं फळ्यावर उतरवते. लाल पेन वापरायचं नाही, चूक-बरोबरही म्हणायचं नाही. पहिलं उदाहरण ५२ वजा २७. दोघांचंही उत्तर ३५. छात्राध्यापक लगेच निदान करतात, ‘दोघांनाही हातच्याची वजाबाकी येत नाही.’ मग मी पुढची ओळ दाखवते. ६१ वजा ३८ : एकाचं उत्तर ३७, दुसरीचं ३३. ७४ वजा ४६ : एकाचं ३२, दुसरीचं ३८. वर्गात कुजबुज सुरू होते.

पहिला मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. एकातून आठ जात नाहीत, मग आठातून एक. ६८ वजा २५ त्याचं बिनचूक येतं, त्यामुळे चूक लपून राहते. दुसरी मुलगी दशक सुटा करते, अकरातून आठ नीट काढते. पण दशकाच्या घरात एक कमी झाला, हे लिहायला विसरते. म्हणजे तिला बरंच येतं. तिला सुट्या केलेल्या दशकाची नोंद अंकाच्या डोक्यावर ठेवायची सवय लावली की काम होईल. त्याला मात्र दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन पुन्हा पहिल्यापासून. शेरा दोघांचाही ‘सुधारणा आवश्यक’ असाच गेला असता.

आणि ५२ वजा २७ ने का फसवलं? एककांमधला फरक पाच असला की दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं. सातातून दोन गेले पाच, बारातून सात गेले तरी पाचच. चाचणीचे आकडे डोळे झाकून टाकायचे नसतात, हे एवढ्यावरून छात्राध्यापकांना कळतं. शेवटी मी विचारते, ‘८३ वजा ५९ चं उत्तर ही दोघं काय काढतील?’ ज्याला ३६ आणि ३४ सांगता आलं, त्याला वही वाचता आली.

मराठी शाळेत आणखी एक गाठ आहे. ‘बावन्न’ म्हटल्यावर मूल २५ लिहितं. स्थानिक किंमत कच्ची आहे की आधी कानावर पडलेला ‘बा’ आधी लिहिला गेला? काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवा. तिथे ५२ लिहिलं तर अडचण संख्यानामाची. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात श्रुतलेखन घ्यायला हवं होतं.

हे बघणं शिकवण्यात खरा अडसर आमच्याच पाठनिरीक्षणाचा आहे. मागच्या बाकावर बसून आम्ही फलकलेखन, आवाज, शैक्षणिक साहित्य यांवर खुणा करतो. त्या दडपणाखाली छात्राध्यापिका चुकीचं उत्तर आलं की घाईने म्हणते, ‘बस खाली. दुसरं कोण सांगेल?’ हात वर असतातच. बरोबर उत्तर येतं, पाठ रंगतो, गुण मिळतात. चुकलेल्या मुलाला ‘कसं काढलंस रे?’ विचारायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाला आमच्या तक्त्यात रकाना नाही. तो घालावा, असं मी बैठकांमध्ये म्हणत आले आहे.

द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना हे जमणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांची नोंद रोज होणार नाही. रोज चार-पाच मुलं ठरवून बघावीत, नोंद एका ओळीची, पण उद्या काय करायचं ते सांगणारी. ‘६१-३८ ला उलटं वजा करतो, काड्या द्याव्यात’ एवढी पुरे.

पालकांना एक विनंती. शाळेत जाल, प्रगतिपत्रक हातात पडेल. श्रेणीची चौकशी राहू द्या. वही उघडा आणि विचारा, ‘बाई, हिची वजाबाकी नेमकी कुठे अडते?’ नेमकं उत्तर मिळालं, तर त्या बाईंच्या नोंदवहीतले दोन-चार रकाने रिकामे दिसले तरी तक्रार करू नका.