रा. रा. एरर यांस

रा. रा. एरर, मु. पो. पातळी ३, लिनक्स कर्नल, यांस

स. न. वि. वि.

तुमच्या वर इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल. खाली वॉर्निंग, नोटीस, इन्फो, डीबग. शून्य ते सात, आकडा लहान तितका मान मोठा. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या सिसलॉग या नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतली संदेशांच्या पातळ्यांची ही उतरंड. वरच्या तिघांशी ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा क्वचितच संबंध येतो. रोजची ऊठबस तुमच्याशी, आणि तुमचीच पत घसरली आहे.

बूट होताना कर्नलला ‘क्वाएट’ सांगितलं, तरी तुम्ही पडद्यावर येता. त्या वेळी कन्सोलची मर्यादा ४ असते आणि तुम्ही तिच्या आत बसता. म्हणूनच जो तो आपलं रडगाणं तुमच्या सहीने छापतो.

डिस्प्ले पॅनेलचा ड्रायव्हर बघा. त्याला वीज पुरवणारा रेग्युलेटर अजून नोंदलेलाच नसतो. ड्रायव्हर उणे ५१७ परत करतो, म्हणजे ‘नंतर बोलवा’. कर्नल नंतर बोलावतो, पॅनेल झकास उजळतं. लॉगमध्ये मात्र ‘रेग्युलेटर मिळाला नाही’ अशा लाल ओळी तशाच, आणि कुणीतरी नवखा मल्टिमीटर घेऊन बोर्डावर वाकलेला! २०२०मध्ये कर्नल ५.९ सोबत एक फंक्शन आलं: कारण ५१७ असेल तर ओळ डीबगकडे, नाहीतर तुमच्याकडे. इतकी साधी गोष्ट, पण जुन्या ड्रायव्हरांत ती अजून सगळीकडे पोचलेली नाही.

मेमरी मिळाली नाही तर कर्नल स्वतःच भरपूर बोंब मारतो, तिथे तुमची गरज नाही. ऐच्छिक फर्मवेअर फाइल नसली तरी नाही. इंटरप्ट हँडलरमध्ये तर सांभाळूनच: १,१५,२०० बॉडच्या सीरियल कन्सोलवर ऐंशी अक्षरांची ओळ सुमारे सात मिलिसेकंद खाते. तिथे रेट लिमिट लावावं. मूळ ठरलेलं माप पाच सेकंदांत दहा ओळी.

उलटंही होतं, आणि ते मला जास्त खटकतं. सगळे रिट्राय संपले, डेटा गेला, आणि ओळ डीबगमध्ये पुरलेली. पॅच तपासताना मी एवढंच विचारतो: ही ओळ वाचून कुणी काय करायचं? उत्तर असेल तर तुमची सही हवीच. रिट्राय फळाला आला असेल तर नको.

‘ड्रायव्हर लोड झाला’ असं प्रत्येक बूटला मिरवणाऱ्यांबद्दल इन्फो यांना वेगळं पत्र धाडतो आहे.

कळावे,
पॅच तपासणारा एक